‘मोठा आकडा घे, बाकीचं नंतर बघू’

मे-जून आला की कायद्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या घराघरांत एकच सल्ला ऐकू येतो. मुलीच्या हातात दोन पत्रं असतात, एक बड्या लॉ फर्मचं आणि एक बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं. तिसऱ्या ठिकाणचं पत्र नसतंच. कुणा ज्येष्ठ वकिलांनी ‘सोमवारपासून चेंबरमध्ये ये’ एवढं तोंडी सांगितलेलं असतं. मग मामा, शेजारचे काका, कॉलेजातला दोन वर्षं पुढचा सीनिअर, सगळे तेच म्हणतात. आकडा बघ. जिथे जास्त, तिथे जा. चार वर्षं पैसा कमव, कर्ज फेड, बायोडेटावर मोठं नाव लागू दे. कोर्टाचं काय, ते पुढे कधीही करता येईल. तिथे ठेवलंय तरी काय? आणि काम ते काम, कुठेही केलं तरी शिकायला मिळतंच.

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो हे मला मान्य आहे. पण तो मुळापासून शेंड्यापर्यंत चुकीचा आहे, आणि इतक्या खात्रीने दिला जातो की बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना उलट प्रश्न विचारायचं धाडस होत नाही. मी मुंबईत वकिली करते. निकाल लागले की ओळखीपाळखीतली मुलं पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांनी पहिल्या पानापुढे काही वाचलेलं नसतं, आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांनी तर पहिलं पानही पाहिलेलं नसतं. त्यांना फक्त आकडा कळवलेला असतो.

तर आधी तो आकडाच बघू या. समजा बँकेच्या पत्रावर १८ लाख आहेत आणि लॉ फर्मच्या पत्रावर १५ लाख. घरच्यांनी एकमुखाने १८ ला कौल दिला. आता बँकेच्या पत्राचं शेवटचं पान उघडा. तिथे सीटीसीची फोड असते. मूळ वेतन ७ लाख २० हजार. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ८६ हजार ४०० रुपये, हा कंपनीने भरायचा पीएफ. तोही त्या १८ लाखांतच मोजलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी साधारण ३४ हजार ६००. कायम नोकरीत ती पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळते, म्हणजे ‘चार वर्षं कमव आणि सोड’ असं सांगणाऱ्यांनी जी कधीच हातात येणार नाही ती रक्कमही जमेला धरलेली आहे. विम्याचा हप्ता २० हजार. कामगिरीवरचा बोनस ३ लाखांपर्यंत. किती द्यायचा आणि द्यायचा की नाही, हे कंपनी ठरवणार. जॉइनिंग बोनस दीड लाख. वर्षाच्या आत सोडलंत तर तो परत करायचा. हे सगळं वजा केलं की उरतात १२ लाख ९ हजार, महिन्याला १ लाखाच्या किंचित वर. त्यातून स्वतःच्या हिश्शाचा पीएफ ७ हजार २०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की राहिले ९३ हजार, आणि प्राप्तिकर अजून कापायचाच आहे. पीएफ वाया जात नाही, तो तुमचाच असतो, हे खरं. पण त्यातून अंधेरीच्या खोलीचं भाडं भरता येत नाही. १८ ला १२ ने भागून महिन्याला दीड लाखाची स्वप्नं बघणाऱ्या घराला हे पहिल्या पगाराच्या दिवशी कळतं.

आता लॉ फर्मचे १५ लाख. तिथे मुलगी बहुधा पगारदार नसतेच. ती रिटेनरवर असते, तिला व्यावसायिक फी मिळते, त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, विमा बहुतेकदा स्वतःचा स्वतः काढायचा. मात्र ५० लाखांपर्यंतची ढोबळ प्राप्ती असलेल्या वकिलाला निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय प्राप्तिकर कायद्यात आहे. १५ लाखांचे साडेसात लाख झाले, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत येतो. म्हणजे घरच्यांनी ज्या ऑफरला लहान ठरवलं तिच्यात दर महिन्याला हातात जास्त पैसे येतात. मी फर्मची तरफदारी करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन आकडे एका जातीचेच नाहीत. ते शेजारी ठेवून मोठा कोणता हे ठरवणाऱ्याने मुळात मोजलं काय?

आणि या आकड्यांना तासांनी कोण भागणार? व्यवहार पूर्ण व्हायच्या आठवड्यात फर्ममधल्या ज्युनिअरला रात्री दोनला डेटा रूममधली कागदपत्रं तपासावी लागतात, तीच गत गुंतवणूक बँकेतल्या अ‍ॅनालिस्टची. २०२४ साली पुण्यात, एका बड्या ऑडिट फर्ममध्ये रुजू झाल्यावर काही महिन्यांतच जग सोडून गेलेल्या तरुण सी.ए.च्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. आठवडाभर सगळे हळहळले. त्याच घरांमध्ये पुढच्या मे महिन्यात पुन्हा ‘आकडा किती’ हाच पहिला प्रश्न विचारला गेला. किती वाजता घरी येता येईल, आजारी पडलं तर काम कोण उचलेल, हे विचारायला आपल्याला लाज का वाटते?

पण माझा खरा संताप आहे तो ‘बाकीचं नंतर बघू’ या शब्दांवर. कायद्याच्या क्षेत्रात ते सरळसरळ खोटे आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्या माणसाला कुठल्याही व्यक्तीची, सरकारची, फर्मची किंवा कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बँकेच्या विधी विभागात पगारावर रुजू व्हायचं तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. पाच वर्षं शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली सनद आपण बाजूला ठेवतो आहोत, हे त्यांना रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात समजतं.

त्यात २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यासाठी न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा त्याने दुजोरा दिलेला, किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरलं जातं. बँकेत कर्जाचे करार तपासण्यात घालवलेली वर्षं ही काही वकिली नव्हे. एखादी मुलगी बँकेत पाच वर्षं इमानेइतबारे राबली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की आपल्याला न्यायाधीश व्हायचंय, तर तिला पहिल्या पायरीपासून तीन वर्षं उभं राहावं लागेल. तिला ‘नंतर बघू’ सांगणारे मामा तेव्हा ती तीन वर्षं तिला परत देणार आहेत का?

वित्तक्षेत्रात ‘नंतर’ अगदी मोकळं असतं असंही समजू नका. सरकारी बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून त्याच्याकडून करारानुसार २ लाख रुपये घेतले गेले. तो न्यायालयात गेला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेची ती अट वैध ठरवली. पत्रावर सही करताना ते २ लाख कुणी मोजले होते? इथेही ते शेवटच्या पानांवरच असतात.

कागदावरचे अडथळे एक वेळ ओलांडता येतात. घरातले ओलांडता येत नाहीत. मोठा पगार सुरू झाला की दीड-दोन वर्षांत ठाण्याला फ्लॅट बुक होतो, बहिणीच्या लग्नाचा खर्च त्या पगारावर बेतला जातो, वडील निवृत्तीचा विचार करू लागतात. यात वाईट काहीच नाही. पण ९३ हजारांची घडी बसलेल्या घराला चार वर्षांनी पंधरा-वीस हजारांवर आणायची हिंमत कोण करणार? ज्यांनी ‘आत्ता पैसे, नंतर आवड’ असं सांगितलं तेच मामा त्या दिवशी म्हणतात, ‘आता वेड्यासारखं काही करू नकोस.’ मी हे एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मुलांची समजूत काढताना मला शब्द सापडलेले नाहीत.

मग मोठ्या नावाचा मुद्दा येतो. बायोडेटावर नाव लागलं की जन्माची सोय झाली म्हणे. लेहमन ब्रदर्सहून मोठं नाव २००८ च्या उन्हाळ्यात कुठलं होतं? १५ सप्टेंबरला ती दिवाळखोरीत गेली आणि पवईतल्या तिच्या कार्यालयांत शिकलेसवरलेले लोक उद्या कुणाचे नोकर असू या चिंतेत बसले. पुढे तो कारभार नोमुराने घेतला. १८५६ साली स्थापन झालेली, पुण्यात भलं मोठं कार्यालय असलेली क्रेडिट स्विस २०२३ मध्ये यूबीएसने गिळली. वर सांगितलेल्या २ लाखांच्या खटल्यातली बँक, म्हणजे विजया बँक, तर निकाल लागायच्या आधीच, १ एप्रिल २०१९ ला, बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती. नावं जातात. त्या नावाखाली तुम्ही जे करायला शिकलात तेवढं तुमच्याजवळ उरतं.

म्हणूनच ‘काम ते काम’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. काम ते काम नसतं. चेंबरमध्ये नव्या ज्युनिअरने लिहिलेला पहिला अर्ज कसा परत येतो ते सांगते. पानाच्या कडेला लाल शाईत लिहिलेलं असतं: ‘नोटीस मिळाल्याची तारीख कुठे आहे?’ खालच्या परिच्छेदाशेजारी: ‘हे वाक्य आपल्याच अशिलाला अडचणीत आणतं.’ शेवटच्या पानावर मोठा गोल: ‘अंतरिम स्थगिती मागितलीच नाहीस. न मागता कोर्ट देईल का?’ मुलगी तो अर्ज पुन्हा लिहिते. मग फायलिंगला जाते, तिथे पानांना आकडे नीट नाहीत, वकीलपत्रावर कल्याण निधीचं तिकीट नाही म्हणून ऑब्जेक्शन निघतं. ती ते काढून घेते. आठ दिवसांनी बोर्डावर प्रकरण येतं, वरिष्ठ दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात, आणि न्यायमूर्ती तिच्याकडे बघून विचारतात, ‘येस, काउन्सेल?’ त्या एका अर्जाने तिला तथ्य, कायदा, अशिलाचं हित आणि कोर्टाचा वेळ या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळायला लावल्या. तीन वर्षांनंतर तिच्यापुढे कुठलाही कागद ठेवा, त्यात काय राहिलं आहे ते तिला आधी दिसेल. हे शिक्षण कुठल्या सीटीसीत धरलेलं असतं?

वित्तक्षेत्रातही हाच फरक असतो, आणि तो पदनामात दिसत नाही. बीकेसीतल्या एखाद्या बँकेत कर्जमंजुरीचं टिपण लिहिणारी मुलगी अ‍ॅनालिस्ट असते. खराडीत दिवसभर दोन यंत्रणांमधले व्यवहार जुळतात की नाही हे तपासणारा मुलगाही अ‍ॅनालिस्टच असतो. दुसरं काम प्रामाणिक आहे आणि त्यावर हजारो घरं चालतात. पण पहिलीला कंपनी का बुडते आणि कशाने तरते हे कळत जातं. तिचं टिपण समितीपुढे जातं, तिथे कुणीतरी विचारतं की या कारखान्याची येणी सहा महिने थकलेली असताना तू त्याला चांगला कसा म्हणतेस, आणि तिला उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्याला असा प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. निवड करणारी माझी भाची असती आणि दुसऱ्या कामाचा पगार तीन लाखांनी जास्त असता, तरी मी तिला पहिल्याच कामावर पाठवलं असतं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी सगळ्यांना काळा कोट घालायला सांगते आहे. मुळीच नाही. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेनंतर ताळेबंद आणि तारणाचा दस्त दोन्ही वाचता येणाऱ्या माणसांची गरज फार वाढली आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं (एनसीएलटी) मुंबईतलं पीठ, ऋणवसुली न्यायाधिकरणं, सेबी, तिच्या निर्णयांवरचं अपील न्यायाधिकरण, सगळं याच शहरात आहे. बँकेच्या कर्ज विभागात नीट शिकवणारा साहेब मिळत असेल तर, ज्या चेंबरमध्ये तीन वर्षं नुसत्या फायली उचलायच्या आणि तारखा घ्यायच्या आहेत, त्यापेक्षा ती बँक शंभर पटींनी बरी. प्रश्न कायदा की वित्त असा नाहीच. तुमचा मसुदा, तुमचं टिपण, तुमचं एक्सेलचं मॉडेल रोज कोण वाचणार आहे आणि चूक दाखवून परत देणार आहे, हा प्रश्न आहे. मोठा आकडा बघणाऱ्या एकाही सल्लागाराने तो विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि ‘कोर्टात ठेवलंय काय’ असं विचारणाऱ्यांना डोळे उघडून बघायला सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडण केलं. आता सांगलीच्या मुलीला उच्च न्यायालयात उभं राहायला मुंबईत खोली शोधावी लागत नाही. तिला ‘कोर्टात काही नाही’ सांगणारे लोक ज्या कोर्टाबद्दल बोलतात ते त्यांनी बहुधा सिनेमात पाहिलेलं असतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझ्याच व्यवसायावर आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तत्त्वाने फिटत नाही. ज्या मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि घरात मिळवतं कुणी नाही, त्याने पगार पाहिला तर त्याला बोल लावायचा अधिकार कुणालाही नाही. तो बोल लावायचा आहे ज्युनिअरला वर्षानुवर्षं फुकट राबवणाऱ्या वरिष्ठांना. ‘तुला शिकायला मिळतंय ना’ असं म्हणून पाच-सहा हजारांवर, कधी तेवढ्याशिवायही, मुलांना राबवायचं आणि मग हुशार पोरं कोर्टात येत नाहीत म्हणून बार रूममध्ये उसासे टाकायचे, हे मला सहन होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, म्हणून बहुतेकांनी वाचून बाजूला ठेवली. ज्याच्या एका सुनावणीच्या फीवर ज्युनिअरचा वर्षाचा खर्च चालू शकतो, त्याला २० हजार परवडत नाहीत? मोठ्या आकड्याच्या सल्ल्याला बळ देणारे हेच लोक आहेत. यांनी दार बंद केल्यावर कोर्टात तेच टिकतात ज्यांच्या वडिलांचं चेंबर आहे.

तरीही वाट नसते असं नाही. बाबासाहेब आंबेडकरांकडे कोलंबियातलं उच्च शिक्षण होतं, लंडनची अर्थशास्त्रातली डी.एस्सी. होती, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ होता. १९२३ साली ते मुंबईत वकिलीला उभे राहिले तेव्हा सॉलिसिटर त्यांना जातीमुळे ब्रीफ देत नव्हते. उत्पन्नासाठी १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला, आणि वकिली सोडली नाही. आजचा मुलगा सकाळी कोर्ट करून संध्याकाळी करारांचे मसुदे तयार करून देऊ शकतो, शिकवू शकतो, दोन ठिकाणची कामं जोडू शकतो. त्यासाठी घरच्यांनी दोन वर्षं कळ सोसायची तयारी दाखवली पाहिजे. लाखांची फी भरून शिकवणारी घरं ही दोन वर्षं देऊ शकत नाहीत, हे मला पटत नाही.

मामा, काका, सीनिअर, तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते: यंदा पत्र आलं की आकडा विचारू नका. शेवटचं पान वाचायला मागा. सनदेचं काय होणार ते विचारा, बाँड आहे का ते विचारा, वरिष्ठाचं नाव विचारा. आणि मुलांनो, सही करण्याआधी त्या ठिकाणी दोन वर्षं काम केलेल्या कुणाला तरी फोन लावा आणि एवढंच विचारा, ‘तू लिहिलेला शेवटचा कागद कुणी तपासला आणि त्यात काय चूक काढली?’ समोरच्याला काही आठवलं नाही, तर पत्रावर १८ लाख असोत की २८, ती ऑफर नाकारा.